माफ केलेले चाळीस हजार

बायंडरने चाळीस हजार रुपये माफ केले ते गुरुवारी संध्याकाळी, फोनवर, स्पीकर चालू ठेवून. स्पीकर एवढ्यासाठी, की बायकोलाही ऐकू जावं. माणूस इतकी मोठी रक्कम रोज सोडत नाही. सोडलीच तर घरातलं कुणीतरी साक्षीला हवं.

पलीकडे होता बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे पेंटर म्हणत. एके काळी बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आलं. पेंटरने बायंडरकडून एक लाख वीस हजार उसने घेतले आणि एका भागीदाराबरोबर फ्लेक्स छापायचं मशीन आणलं. मशीन आलं, भागीदार आला, आणि सहा महिन्यांनी भागीदार मशीन घेऊन गेला. याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत पेंटरने एक रुपया परत केला नव्हता आणि बायंडरने चारचौघांत एकदाही मागितला नव्हता. घरात मात्र तो विषय मिठासारखा असायचा. रोज, पण थोडा.

"पेंटर, नीट ऐक," बायंडर म्हणाला. "एकशेविसातले चाळीस मी सोडले. माफ. तुझ्याकडे राहिले ऐंशी. कबूल?"

पलीकडून पेंटरचा आवाज आला, "भावोजी, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. कबूल म्हण."

"आपा, जवळ आहेस का गं? हे असं कधीपासून बोलतायत?"

"कबूल म्हण आणि फोन ठेव," बायको म्हणाली. "त्यांचा विचार बदलायच्या आत."

"कबूल! शंभर वेळा कबूल!"

बायंडरने फोन ठेवला आणि खुर्चीत असा मागे रेलला की जणू खुर्चीसुद्धा त्यानेच कुणाला तरी दान केली होती.

आता यात गोम काय होती ते सांगायला हवं. मुसलमान माणसाकडे ठरावीक शिल्लक वर्षभर टिकली की तिचा चाळिसावा हिस्सा गरिबाला द्यावा लागतो. ती जकात. ती मर्जीवर नसते, नमाजासारखी बांधलेली असते. बायंडरची तारीख एकोणीस वर्षांपूर्वी ठरलेली होती आणि ती याच गुरुवारी आली. तारखेला तो वह्या-रजिस्टरं बांधायचं आपलं दुकान अर्धा तास लवकर बंद करी, कागदाची रिमं, पुठ्ठा, कापडाचे ताके, शाळांकडे अडकलेली बिलं आणि कपाटातली रोकड असं सगळं मांडी आणि बेरजेला चाळीसने भागी. बायकोचे दागिने त्यात नसत. "माझ्या सोन्याची जकात मी देते, तुम्ही तुमच्या पुठ्ठ्याचं बघा," असं तिने लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सांगून टाकलं होतं. पैसे देताना बायंडरचा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा होई. पण तोंड तो दरवर्षी उघडी.

यंदा बेरीज आली सोळा लाख. जकात, चाळीस हजार. आणि कपाटात रोकड किती? गल्ल्यातली चिल्लर सोडली तर चाळीस हजार, एका खाकी पाकिटात. ते पाकीट कटिंग मशीनच्या आगाऊ रकमेचं होतं.

जुन्या कटिंग मशीनचा ब्रेक गेला होता. पायडलवरून पाय काढला तरी पाती कधी कधी आपल्या मनाने एकदा जास्त खाली यायची. बायंडरने कारागिरांना त्या मशीनला हात लावायला बंदी केली होती. कागद तो स्वतः सरकवी, तोही लाकडी पट्टीने, आणि दर कापानंतर नकळत बोटं मोजी. तीन शाळांच्या हजेरी रजिस्टरांचं काम हातात होतं, नऊ हजार प्रती. एका दलालाकडे हायड्रॉलिक मशीन आलं होतं, वापरलेलं पण सुस्थितीतलं. शनिवारी साडेपाचपर्यंत चाळीस हजार आणा, नाहीतर पलीकडच्या प्रेसवाल्याला देतो, असं दलालाने सांगितलं होतं. प्रेसवाला दोनदा मशीन बघून गेला होता. दुसऱ्या वेळी तर हात फिरवून.

तेव्हा बायंडरला सुचलं ते असं: पेंटर गरीब, पेंटर कर्जदार. अडलेल्याचं कर्ज सोडणं हे मोठं पुण्य, हे तर लहानपणापासून ऐकलेलं. मग चाळीस हजारांचं कर्ज सोडलं की जकात झाली, आणि पाकीट शाबूत. बायंडर मनाचा वाईट नव्हता, हिशेबाचा मात्र फार चांगला होता.

शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज झाल्यावर तो इमामसाहेबांच्या खोलीत डोकावला. विचारायला नव्हे, सांगायला. इमामसाहेब माइकच्या तुटक्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळत बसले होते.

"काल तारीख होती ना तुमची? जकात झाली?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"झाली. यंदा घरातल्या घरातच झाली. मेहुण्याला. मेहुणा चालतो ना?"

"मेहुणा चालतो. आई-बाप, बायको, मुलं चालत नाहीत. गरीब आहे का पण?"

"त्याच्याकडे अकरा ब्रश आहेत आणि माझं कर्ज."

"मग चालतो. किती दिलेत?"

"चाळीस. म्हणजे, दिले असं नाही. सोडले. कर्जातले."

चिकटपट्टी थांबली.

"त्याच्या हातात काय दिलंत?"

"हातात कसं देणार? फोनवर होतो."

इमामसाहेबांनी वायर खाली ठेवली. "मग जकात झाली नाही."

बायंडरला वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. इमामसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जकातीत तुमच्या मालकीचं त्याच्या मालकीत गेलं पाहिजे. काल तुमच्या हातून काय गेलं?"

"चाळीस हजार!"

"ते चार वर्षांपूर्वीच गेले होते. परत येतील अशी आशा होती का?"

बायंडर खोटं बोलत नसे, निदान त्या खोलीत तरी. "नव्हती."

"म्हणजे जे येणारच नव्हतं, ते तुम्ही अल्लाला देऊन टाकलंत."

बायंडरने वायरीचं सुटलेलं टोक उचलून बघितलं. "काही जाणकार म्हणतात, चालतं म्हणून."

"म्हणतात थोडे. एकोणीस वर्षं मला विचारून चाललात, आज चाळीस हजारांसाठी दुसरा धुंडाळणार असाल तर माझी हरकत नाही. दार उघडंच आहे."

"बरं, राहिलं. मग माफी रद्द."

"पेंटरला सांगितलं होतंत का, की ही जकात आहे?"

"नाही. त्याला लाज वाटली असती."

"मग त्याच्यापुरतं ते सरळ सोडलेलं कर्ज. तो कबूल म्हणाला?"

"शंभर वेळा."

"एकदा पुरतं." इमामसाहेबांनी चिकटपट्टीचं टोक दाताने तोडलं. "बायंडर आहात. कापलेला कागद पुन्हा अखंड करता का तुम्ही? सोडलं ते सोडलं. त्याचं पुण्य फार मोठं आहे, ते तुमच्या नावावर जमा. जकात वेगळी. ती बाकी आहे."

"म्हणजे चाळीस गेले आणि चाळीस जायचेत."

"असंच दिसतंय."

बायंडर तिथेच खाली बसला. "दोन महिने थांबलं तर? रोख नाही हो हातात."

"अजिबात नाही?"

"आहे, पण ते मशीनचं आहे."

"मशीन घेतलंत?"

"उद्या साडेपाचला घेणार."

"मग उद्या साडेपाचपर्यंत ते तुमचं आहे, मशीनचं नाही. आणि तारीख काल होती."

बायंडर उठला. दारापर्यंत गेला, चपलेत एक पाय घातला, आणि तसाच एका पायावर उभा राहून वळला. "इमामसाहेब, पेंटरकडे अजून माझे ऐंशी आहेत. समजा मी हे चाळीस जकात म्हणून त्याच्या हातात ठेवले. आणि समजा त्याने तेच उचलून कर्जाची फेड म्हणून मला दिले. तर?"

इमामसाहेबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. पाहण्यात कौतुक होतं की कीव होती, हे बायंडरला कळलं नाही. "आपल्या मर्जीने दिले तर ती फेड. खुशाल घ्या."

"बस! मग प्रश्नच—"

"थांबा. अट घालायची नाही. आधी ठरवून ठेवायचं नाही. सुचवायचं नाही, कुणाकडून सुचवून घ्यायचं नाही. पैसा आपल्याकडे वळवायचा नाही, नुसतं खाकरूनसुद्धा. त्याच्या हातात पडले की ते त्याचे. त्याने विहिरीत टाकले तरी त्याचे."

"आणि मी नुसता समोर बसून राहिलो तर?"

"किती वेळ?"

"साडेपाचपर्यंत."

"बसा," इमामसाहेब म्हणाले. "पण चेहऱ्यावर काही लिहून बसू नका."

घरी बायंडरने बायकोला सगळं सांगितलं. ती कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं श्रेय त्याला घेता आलं नाही.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मी सांगते त्याला. भावोजी देतील ते मुकाट घे आणि मुकाट परत कर, असं. पाच मिनिटांचं काम."

"नाही!" बायंडर ओरडलाच. "कुणाकडून सुचवायचंही नाही असं म्हणालेत."

"मी कुणी आहे का? मी सख्खी बहीण आहे त्याची. कर्ज फेड, असं भावाला सांगायला मला परवानगी लागते का?"

मुद्दा बिनतोड होता. बहिणीने भावाला चार शब्द सांगितले तर त्यात त्याचा काय दोष? त्याने तर सांगायला लावलं नव्हतं. तो तर नाही म्हणाला होता, आणि तेही ओरडून.

"बोला," बायको म्हणाली. तिने सुरी खाली ठेवली होती आणि फोन हातात घेतला होता. "लावू की नको? तुम्ही नाही म्हणालात तर नाही लावणार. काही बोलला नाहीत तर लावेन."

एवढी सोपी सुटका त्याला आयुष्यात कुणी देऊ केली नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. तो तीन श्वास गप्प बसला. बायकोने नंबर काढला.

"नको," बायंडर म्हणाला, आणि स्वतःवरच चिडून बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

"मग त्याने ठेवून घेतले तर मला बोल लावायचा नाही!" आतून आवाज आला.

"नाही लावणार!"

"चार वर्षांनीसुद्धा नाही!"

यावर बायंडरने काही कबूल केलं नाही.

शनिवारी पावणेपाचला तो पेंटरच्या गाळ्यात शिरला. पाकीट आतल्या खिशात होतं आणि त्यावर वरून हात होता. पाचशेच्या ऐंशी नोटा, सकाळपासून चार वेळा मोजलेल्या. दलालाची वखार तिथून चालत दहा मिनिटांवर होती. सगळं वेळेत झालं तर नऊ हजार रजिस्टरं नव्या मशीनवर कापली जाणार होती. नाही झालं तर कटिंग बाहेर टाकावं लागणार होतं, रिमामागे दर मोजून, आणि मग त्या कामात उरणार होतं ते फक्त काम.

गाळा एवढुसा होता. टर्पेंटाइनचा वास, भिंतीला टेकवलेल्या तीन पाट्या, त्यातली एक अर्धवट. त्या गिऱ्हाइकाने आगाऊ पैसे दिले नव्हते, म्हणून पेंटर 'डॉक्टर'च्या 'डॉ'वर थांबला होता. सध्या तो घरांचे नंबर रंगवत होता. सत्तावीस नंबर चालू होता.

"या, माफीवाले, या!" पेंटर म्हणाला. "त्या स्टुलावर नको, ओलं आहे. डब्यावर बसा. काय, माफी परत घ्यायला आलात?"

"नाही घेता येत. विचारलं मी."

"विचारलंतसुद्धा!" पेंटर मोठ्याने हसला. बायंडरने जीभ चावली.

मग त्याने पाकीट काढलं आणि रंगाच्या डबड्यांमध्ये मोकळी जागा बघून ठेवलं. "हे घे. चाळीस हजार आहेत. तुझे."

पेंटरच्या हातातला ब्रश सत्ताविसाच्या सातावर थांबला. "परवा चाळीस सोडले, आज चाळीस देताय. भावोजी, खरं सांगा, डॉक्टरांनी काही सांगितलंय का?"

"काही नाही सांगितलं."

"मग हे पण उसने?"

"नाही."

"काही काम आहे? दुकानाची पाटी?"

"नाही. तुझे आहेत, घे."

पेंटरने पाकिटाकडे पाहिलं, मग बायंडरकडे. हसू उतरलं. "जकात आहे का?"

इमामसाहेबांनी सांगायलाच हवं असं म्हटलं नव्हतं. पण विचारल्यावर खोटं बोलायलाही सांगितलं नव्हतं. "हो," बायंडर म्हणाला.

पेंटर ब्रश पुसायला लागला. ब्रश कधीच स्वच्छ झाला होता, तरी पुसतच राहिला. "याच गाळ्यात बसून मी स्वतः जकात दिलीय. लागोपाठ चार वर्षं. शेवटच्या वर्षी तीन हजार सातशे."

"माहितीय मला."

"आपाला ठाऊक आहे, तुम्ही हे घेऊन आलात ते?"

"आहे."

"छान. म्हणजे घरात बसून ठरलं, पेंटर आता घेणाऱ्यांत." त्याने ब्रश डब्यात टाकला. "मला नको. घेऊन जा."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. पाकीट पुन्हा खिशात आलं असतं, पण जकात तशीच मानेवर राहिली असती आणि संध्याकाळपर्यंत दुसरा गरीब शोधावा लागला असता. त्या दुसऱ्या गरिबाकडे बायंडरचं ऐंशी हजार कर्ज असण्याचा संभव नव्हता. "पेंटर, यात कमीपणा नाही रे," तो म्हणाला. "ज्याचं देणं फिटत नाही त्याचा हक्कच असतो तो."

"हक्क! वा!" पेंटर म्हणाला. मग अचानक त्याचा आवाज खाली आला. "बरं, एक करा. माझी लाज राखा आणि तुमचा वेळ. पाकीट ठेवा खिशात, आणि ऐंशीतले चाळीस कापा. मला हात पसरायला नको, तुम्हाला मोजायला नको. तुम्ही म्हणा दिले, मी म्हणतो फेडले. हिशेब तोच की."

बायंडर डब्यावर सरळ झाला. तोच हिशेब होता, अगदी तोच. पाकीट दोघांच्या मध्ये होतं, हात लांब केला की आलं. आणि यावेळी सुचवलं होतं पेंटरने, आपल्या मर्जीने. 'बरं' एवढंच म्हणायचं आणि उठायचं. पाच वाजून पाच मिनिटांनी तो दलालाकडे पोचला असता.

"तसं होत नाही," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण कुठून आला ते त्याला कळलं नाही. "तुझ्या हातात आले पाहिजेत."

"आले समजा."

"समजून चालत नाही."

"अहो, इथे बघतंय कोण?"

बायंडरने छताकडे पाहिलं. "तीच तर अडचण आहे."

पेंटरने चिंधी घेऊन हात पुसले, आधी पंजे, मग एकेक बोट, मग नखांच्या कडा. हात स्वच्छ झाल्यावर त्याने पाकीट उचललं, नोटा काढल्या आणि मोजल्या. बायंडरचे ओठ त्याच्याबरोबर मोजत होते. ऐंशी.

"आता हे माझे?"

"तुझे."

"जाळले तर?"

"तुझेच जळतील."

"आणि मी तुमच्याकडे ऐंशीचा देणेकरी. तेही तसंच."

बायंडर काही बोलला नाही. खाकरलाही नाही. घशात खरोखरच खवखवत होतं, पण त्याने ती खवखव गिळली. त्याने नजर सत्तावीस नंबरवर लावली आणि चेहऱ्यावर काही उमटू नये म्हणून मनातल्या मनात रिमांचे भाव म्हणायला लागला. पेंटरने नोटा समोर सरळ केल्या, काठ जुळवले आणि त्याच्या दिशेने वीतभर सरकवल्या. "मग भावोजी, समजा मी आता—"

"आत येऊ का?" असं म्हणत एक बाई आत आल्याच होत्या. गाळ्याच्या मालकीणबाई. गोल चेहरा, गोड आवाज, खांद्याला मोठी पर्स. त्यांनी पर्समधून कुलूप काढून रंगाच्या डबड्यांशेजारी ठेवलं. नवंकोरं होतं, किमतीची चिठ्ठीही तशीच. "पेंटर, तीन महिन्यांचे छत्तीस. आज देतो म्हणाला होतात. नाहीतर म्हटलं, कुलूप आणलेलं बरं." मग त्यांना नोटा दिसल्या. "अगंबाई! तयारी आहे की!"

"हे... हे यांचे..." पेंटर म्हणाला आणि थांबला. नोटांवर त्याचा हात होता. "नाही. माझे आहेत."

"मग तर झालंच."

"सोमवारपर्यंत थांबलात तर—"

"तीन सोमवार थांबले हो मी. माझ्याही घरात चार तोंडं आहेत, आणि त्यातलं एक जावयाचं." बोलणं गोडच होतं. हात मात्र कुलपावर होता.

बायंडरच्या खिशात फोन थरथरला. दलाल. त्याने उचलला नाही. फोन थांबला आणि पुन्हा थरथरला.

पेंटर दोघांकडे आळीपाळीने बघत होता. गाळा गेला तर ब्रश घेऊन बसणार कुठे? आणि चार वर्षांनी पहिल्यांदा हातात पैसे आले, तेव्हा समोर कोण बसलं होतं? "भावोजी, तुम्ही सांगा," तो म्हणाला. "तुमचं चार वर्षांचं, यांचं तीन महिन्यांचं. आधी कुणाचं देऊ?"

"मला विचारू नकोस."

"तुम्हाला नाही तर कुणाला विचारू? आपाचे मालक तुम्ही. सल्ला द्या."

बायंडरने डोळे मिटले. पाती दिसली, आपल्या मनाने खाली येणारी. प्रेसवाल्याचा मशीनवरून फिरणारा हात दिसला. पैसा आपल्याकडे वळवायचा नाही, एवढंच इमामसाहेब म्हणाले होते. दुसरीकडे वळवण्याबद्दल ते अवाक्षरही बोलले नव्हते. एक माणूस सल्ला मागत होता आणि खरा सल्ला एकच होता.

"भाडं दे," तो म्हणाला.

"काय?"

"भाडं दे म्हणतोय, ऐकू येत नाही? गाळा राहिला तर माझं देशील. उठवलं तर कुणाचंच देणार नाहीस."

पेंटरने बहात्तर नोटा मोजल्या. मालकीणबाईंनी त्या थुंकी लावून पुन्हा मोजल्या, पावती फाडली, आणि पर्स बंद करताना म्हणाल्या, "कुलपाचे दोनशे ऐंशी वेगळे हं. परत घेत नाही दुकानदार." पेंटरने पाचशेची नोट दिली, दोनशे वीस परत घेतले आणि कुलूप उचलून आपल्या खणात टाकलं. बाई निघून गेल्या.

फोन तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा बायंडरने उचलला. "हो... नाही. नाही जमत. द्या त्यांना." पलीकडून दलाल बरंच काही बोलत होता, पण बायंडरने ऐकून न घेताच फोन ठेवला.

"काय होतं?" पेंटरने विचारलं.

"काही नाही. एक मशीन."

पेंटरने चटकन मान वर केली. त्या जुन्या मशीनबद्दल त्याला आपाने सांगितलेलं होतं. त्याने समोरच्या उरलेल्या सात नोटा आणि दोनशे वीस यांच्याकडे पाहिलं. मग दोनशे वीस खिशात टाकले आणि सात नोटा बायंडरच्या हातात दिल्या. "घ्या. ऐंशीतले साडेतीन हजार."

बायंडरने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "मर्जीने?"

"मर्जीने."

"मी काही सुचवलं नाही ना?"

"उलटंच सुचवलंत, भावोजी. घ्या आता, हात दुखतोय."

बायंडरने नोटा घेतल्या आणि मोजल्या. सात नोटाही त्याने दोनदा मोजल्या. चार वर्षांत पेंटरकडून आलेला हा पहिला पैसा होता. त्यात मशीनचं एक चाकसुद्धा आलं नसतं. तरी खिशात ठेवताना त्याने वरून हात ठेवलाच.

पेंटरने ब्रश उचलला आणि सत्ताविसाचा सात पुरा केला, एका फटकाऱ्यात. बायंडर आल्यापासून पहिल्यांदा तो ताठ बसला होता. "राहिले किती?"

"शहात्तर हजार पाचशे."

"सोडता का?" त्याने मान वर न करता, अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं.

बायंडर डब्यावरून उठला. "सवड घे," तो म्हणाला. "वर्ष घे, दोन वर्षं घे, हवी तेवढी घे. पण सोडा म्हणू नकोस, बाबा. मी सोडलं की मला दोनदा भरावं लागतं."